नवं शहर परवडेल का? शहराच्या आकारावरून खर्चाचा हिशेब मांडण्याची रीत

शहर बदलायचं ठरवलेल्या माणसाला दोन तऱ्हेचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, मोठ्या शहरात पगार कितीही मिळो, महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. दुसरा म्हणतो, लहान शहरात अडकून पडू नका, पैसा मोठ्या शहरातच आहे. दोघंही अनुभवाचं बोलतात आणि दोघांचाही अनुभव खरा असतो. पण तुमचा हिशेब त्यांच्यापैकी कुणीच मांडून देत नाही. मी आजवर चार वेळा शहर बदललं, लहानातून मोठ्यात आणि मोठ्यातून लहानातही. आता कामावर नव्याने रुजू होणाऱ्यांना घर शोधायला मदत करतो. त्यांना जी रीत सांगतो तीच इथे पायरीपायरीने लिहितोय. कागद, पेन आणि दोन मोकळ्या संध्याकाळी एवढं पुरेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. शहर वाढतं तसं सगळं सारखं महागत नाही. महागते ती जागा. बाकी कशातही जागेचा आणि माणसाच्या हातांचा जेवढा वाटा असेल, तेवढीच त्याची किंमत चढते. आणि जागेचं मोल भाड्यात द्यायचं टाळलंत, तर ते प्रवासाच्या तासांत चुकतं करावं लागतं.

पहिली पायरी: शहर नेमकं केवढं आहे ते बघा

लोकसंख्येच्या आकड्यावर विसंबू नका. प्रशासनाची हद्द आणि प्रत्यक्षातलं शहर यांचा मेळ क्वचितच बसतो. लंडनच्या मधोमध ‘सिटी ऑफ लंडन’ हा जुना भाग आहे, त्याची हद्द वेगळी. २०२१च्या जनगणनेत तिथे जेमतेम साडेआठ हजार माणसं राहत होती, आणि सबंध लंडनमध्ये सुमारे ८८ लाख. पॅरिसच्या हद्दीतली वस्ती २० लाखांच्या थोडी वर आहे, पण जिथून लोक रोज कामासाठी पॅरिसकडे निघतात तो सगळा परिसर धरला तर ती सव्वा कोटीच्याही वर जाते. चीनमधल्या चोंगचिंगचं नेमकं उलटं. हद्दीत तीन कोटींहून जास्त लोक, पण ती हद्दच सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे जवळजवळ ऑस्ट्रिया देशाएवढी. तिच्यात शेतं, डोंगर, खेडी सगळं आलं.

तुमच्या कामाचं शहर म्हणजे जिथून लोक रोज त्याच कामाच्या ठिकाणांकडे येतात तो सगळा पट्टा. युरोपीय संघ आणि ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) यांनी त्यासाठी एक साधी कसोटी ठरवली आहे: आसपासच्या ज्या वस्तीतले निदान १५ टक्के नोकरदार मुख्य शहरात कामाला जातात, ती वस्ती त्याच शहराची धरायची. घर शोधताना ही कसोटी फार उपयोगी पडते. ‘शहराजवळचं शांत, स्वस्त गाव’ अशी जाहिरात दिसली की त्या गावातून सकाळी शहराकडे जाणाऱ्या गाड्या किती भरलेल्या असतात ते विचारा. खच्चून भरत असतील तर तिथलं भाडं मोठ्या शहराच्या हिशेबानेच ठरतं. लहान गावाचे दर तिथे मिळायचे नाहीत.

दुसरी पायरी: आपल्या खर्चाचे तीन ढीग करा

गेल्या दोन-तीन महिन्यांचा खर्च समोर घ्या. अंदाजाने लिहू नका, बँकेच्या नोंदी काढा. मग प्रत्येक ओळ तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिल्या ढिगात शहराच्या आकाराबरोबर वाढणारा खर्च. घरभाडं तर आलंच. त्याशिवाय जिथे समोर माणूस उभा राहून काम करतो ते सगळं: केस कापणं, पाळणाघर, घरकामाची मदत, नळ आणि विजेची दुरुस्ती, बाहेरचं जेवण, शिकवणी. केस कापायला लहान शहरात वीस मिनिटं लागतात आणि महानगरातही वीसच. त्या कामाचा वेग वाढवता येत नाही. पण महानगरातल्या कारागिराला दुकानाचं भाडं जास्त, स्वतःच्या घराचं भाडं जास्त, आणि तो ही कला सोडून दुसऱ्या कामाला गेला तर तिथला पगारही जास्त. हे सगळं भरून निघेल एवढे पैसे तो मागणारच. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली नाटक आणि संगीताच्या क्षेत्राबद्दल हेच दाखवलं होतं: कामाचा वेग वाढत नाही, पण आजूबाजूचे पगार वाढतात, म्हणून ते काम महाग होत जातं. शहराशहरांतल्या फरकालाही हे चपखल लागू पडतं.

दुसऱ्या ढिगात आकाराशी ज्याचं देणंघेणं नाही ते. मोबाइलचं रिचार्ज, कारखान्यात बनलेल्या आणि सगळीकडे त्याच छापील किमतीला मिळणाऱ्या वस्तू, ऑनलाइन मागवलेलं सामान, विम्याचे काही हप्ते, आधीच्या कर्जाचे हप्ते. हे कुठेही जा, तेवढंच राहतं. हा ढीग मोठा असेल तर मोठं शहर तुम्हाला ऐकीव माहितीपेक्षा कमी महाग पडेल.

तिसऱ्या ढिगात मोठ्या शहरात कमी होणारा खर्च. लोक हा ढीग बहुधा विसरतात. स्वतःची गाडी लागत नाही, म्हणजे हप्ता, इंधन, विमा, दुरुस्ती, पार्किंग सगळं वाचतं. तज्ज्ञ डॉक्टर किंवा परीक्षेचं केंद्र गावातच असतं, त्यासाठी मुक्कामाचा प्रवास पडत नाही. वापरलेलं फर्निचर, पुस्तकं, सायकल चटकन मिळते, कारण विकणारे हजारो असतात.

किराणा कुठल्या ढिगात? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. जेसी हँडबरी आणि डेव्हिड वाइनस्टाइन यांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांतल्या घरोघरच्या खरेदीच्या बारकोड नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तोच ब्रँड, तेच पाकीट अशी तुलना केली की शहराशहरांतला किमतीतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. मोठ्या शहरात किती जास्त प्रकार मिळतात हेही धरलं, तेव्हा तर खाद्यपदार्थांच्या किमतींची पातळी मोठ्या शहरात उलट कमी निघाली. मग मोठ्या शहरात किराण्याचं बिल फुगतं ते का? आपण तिथे जाऊन वेगळं, भारीतलं घ्यायला लागतो म्हणून. तुम्ही आज जे घेता तेच तिथे घेणार असाल तर किराणा दुसऱ्या ढिगात टाका.

तिसरी पायरी: घर आणि वाट एकाच ओळीत लिहा

सगळ्या लेखातली ही महत्त्वाची पायरी. वेळ कमी असेल तर बाकीच्या पायऱ्या वरवर करा, पण हिच्यावर एक अख्खी संध्याकाळ घाला.

योहान हाइनरिश फॉन ट्यूनेन हा जर्मन जमीनदार स्वतःच्या शेतीचे बारीक हिशेब ठेवायचा. १८२६ साली त्याने मांडलं की बाजारपेठेच्या जवळच्या जमिनीला जास्त खंड मिळतो, कारण तिथून माल नेण्याची वाहतूक वाचते. जेवढी वाहतूक वाचली तेवढा खंड चढला. १९६०च्या दशकात विल्यम अलोन्सो आणि इतरांनी हाच विचार शहराला लावला: मालाच्या जागी कामाला जाणारी माणसं आणि बाजाराच्या जागी शहराचा कामाचा मध्य. याचा सरळ अर्थ असा की भाडं आणि प्रवास हे एकाच खर्चाचे दोन हप्ते आहेत. शहर जेवढं मोठं, तेवढी त्याची कड दूर. कड दूर म्हणजे मध्याजवळच्या घराने वाचणारा प्रवास जास्त, आणि म्हणून तिथलं भाडंही चढं. मोठ्या शहरातलं भाडं का वाढतं याचं मुख्य कारण हेच आहे, घरमालकांची हाव नव्हे.

ही वाढ किती? फ्रान्समधल्या घरांच्या आणि जमिनीच्या किमतींवरून पिएर-फिलिप कोंब, जिल दुरांतों आणि लोरां गोबियों यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला हिशेब मला सर्वांत नेमका वाटतो. लाखभर वस्तीचं शहर १० टक्क्यांनी वाढलं तर शहरात राहण्याचा बोजा साधारण ०.३ टक्क्याने वाढतो. पॅरिसएवढं शहर तेवढंच वाढलं तर साधारण ०.८ टक्क्याने. म्हणजे लहान शहरातून मध्यम शहरात जाताना चढ सौम्य असतो आणि खरा चढ वरच्या टोकाला लागतो. ‘मध्यम शहरात जाऊ की महानगरात’ असा प्रश्न असेल तर हे ध्यानात ठेवा.

आता प्रत्यक्ष हिशेब. आकडे कुठल्याही चलनाचे नाहीत. लहान शहरात हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरलाय, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. एकटा माणूस, महिन्याला २२ दिवस काम.

लहान शहरात भाडं २०, गाडीचा सगळा खर्च १४, किराणा १८, बाहेरचं जेवण आणि इतर सेवा ८, कपडे-फोन वगैरे १०, मोठ्या शहरात अधूनमधून जावं लागतं त्याचे ४, किरकोळ ६. एकूण ८०. उरले २०.

मोठ्या शहरातल्या नोकरीत हातात १३५. कामाजवळ घर घेतलं तर भाडं ५०, प्रवासाचा पास ४, किराणा तोच १८, सेवा १२, कपडे-फोन तेच १०, किरकोळ ६. एकूण १००. उरले ३५.

त्याच शहरात कडेला घर घेतलं तर भाडं ३२, प्रवास ७, सेवा १४, कारण उशिरा घरी पोचणारा माणूस बाहेर जास्त खातो. बाकी तेच. एकूण ८७. उरले ४८.

कागदावर कडेचं घर जिंकलं. पण जवळच्या घरातून जाण्यायेण्यात दिवसाला ४० मिनिटं जातात आणि कडेच्या घरातून २ तास ४० मिनिटं. दिवसाला दोन तास जास्त, म्हणजे महिन्याला ४४ तास. या तासांची किंमत काय धरायची? अमेरिकेचं वाहतूक खातं रस्त्यांच्या योजना तपासताना स्थानिक खासगी प्रवासाच्या तासाची किंमत तासाच्या कमाईच्या निम्मी धरतं. तीच धरू. महिन्याला १७६ तास कामाचे १३५, म्हणजे तासाला साधारण ०.७७, त्याचे निम्मे ०.३८. ४४ तासांचे झाले १७. ते ४८ मधून वजा केले की राहिले ३१. आता जवळचं घर पुढे गेलं.

तुमच्या बाबतीत निकाल वेगळा येईल, यायलाच हवा. प्रवासात बसायला जागा मिळून वाचन होत असेल तर तासाची किंमत कमी धरा. घरी लहान मूल वाट बघत असेल तर पूर्ण धरा. फक्त शून्य धरू नका. नवखा माणूस नेमकं तेच करतो.

‘भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत हवं’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. त्याचा उगम अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यात आहे. १९६९ साली तिथे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ साली ती ३० टक्के झाली. अनुदान ठरवायला काढलेला आकडा तो. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेची कसोटी मला जास्त पटते: घर आणि प्रवास मिळून ४५ टक्क्यांच्या आत. वरच्या उदाहरणात जवळचं घर ३० टक्क्यांच्या नियमात नापास होतं, कारण भाडंच ३७ टक्के आहे. पण भाडं आणि पास मिळून ४० टक्के होतात, म्हणजे ते परवडणारं आहे.

चौथी पायरी: वाट स्वतः चालून मोजा

पहिल्यांदा मोठ्या शहरात गेलो तेव्हा मी घर रविवारी दुपारी बघितलं. बसने ३५ मिनिटांत पोचलो. रस्ता मोकळा, बस अर्धी रिकामी, खिडकीतून वारा. त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम देऊन आलो. पहिल्या सोमवारी सकाळी थांब्यावर उभा राहिलो तर पहिली बस थांबलीच नाही, दुसरी थांबली पण दारात माणसं लटकलेली. तिसऱ्या बसमध्ये एका पायावर उभा राहून कामावर पोचलो तेव्हा घरातून निघून १ तास २५ मिनिटं झाली होती. अकरा महिने ती वाट चाललो. बघितलेल्या घराचं एक दारही मला आता नीट आठवत नाही, पण त्या थांब्यावरच्या लोखंडी पट्टीवर रंगाचा कुठला पोपडा उडालेला होता ते आजही सांगू शकेन.

म्हणून घर पसंत पडलं की करार करण्याआधी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला, दारापासून दारापर्यंत एक फेरी मारा. घड्याळ घराच्या दारात सुरू करायचं आणि कामाच्या खुर्चीवर बसल्यावर थांबवायचं. लिफ्टची वाट, थांब्यावरची रांग, बदलीच्या स्थानकावरचा जिना, सगळं त्यात आलं. संध्याकाळची फेरीही मोजा. ती बहुधा सकाळपेक्षा लांबते. गाडी चुकली तर पुढची किती वेळाने येते हेही लिहून ठेवा. दर पाच मिनिटांना गाडी आणि दर चाळीस मिनिटांना गाडी यांत नकाशावर काही फरक दिसत नाही, पण रोजच्या जगण्यात फार दिसतो.

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ साली मांडलेलं एक निरीक्षण इथे मदतीला येतं: वेगवेगळ्या काळात आणि ठिकाणी माणसं दिवसाला सरासरी तासाभराच्या आसपासच प्रवास करत आली आहेत. पायी चालणाऱ्यांचं शहर लहान होतं, आगगाडीने ते पसरलं, मोटारीने आणखी पसरलं, पण तास तेवढाच राहिला. तुमची फेरी त्याच्या दुप्पट निघाली तर ती वर्षभर झेपेल का, हा प्रश्न स्वतःला आताच विचारलेला बरा.

पाचवी पायरी: किती माणसं, किती चौरस फूट

एकट्या माणसाचा हिशेब कुटुंबाला लावू नका. वरचंच उदाहरण घ्या. दोन खोल्या जास्त लागल्या तर लहान शहरात भाडं २० वरून ३० होईल, मोठ्या शहरात कामाजवळ ५० वरून ८५. किराणा दोन्हीकडे सारखाच वाढेल, तो तूर्त बाजूला ठेवू. लहान शहरात उरतात १०, मोठ्यात शून्य. पगार तोच, शहरं तीच, तरी निकाल उलटा. शहराचा आकार दर चौरस फुटाचा दर ठरवतो, आणि तुमच्या घरातली माणसं त्याला गुणतात. म्हणून भाड्याची तुलना करताना ‘दोन खोल्यांचं घर’ असं न लिहिता चौरस फुटाला किती ते काढा. मोठ्या शहरातल्या दोन खोल्या लहान शहरातल्या दोन खोल्यांएवढ्या नसतात.

मुलं असतील तर पाळणाघराची चौकशी घराबरोबरच करा, नंतर नको. ते पहिल्या ढिगातलं आहे: जागाही लागते आणि हातही.

जोडीदारही नोकरी करणारा असेल तर तराजू पुन्हा हलतो. मोठ्या शहरात दोघांनाही आपापल्या कामाची नोकरी मिळण्याची शक्यता जास्त. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी दाखवलं की १९४० साली अमेरिकेतल्या दोघंही पदवीधर असलेल्या जोडप्यांपैकी ३२ टक्के मोठ्या महानगरांत राहत होती, १९९० साली ५० टक्के. लहान शहरात भाडं वाचतं, पण एकाचा पगार बुडाला तर त्या बचतीला काही अर्थ उरत नाही. हा आकडा हिशेबात लिहा: जोडीदाराला तिथे काम मिळायला किती महिने लागतील आणि तोवर किती उत्पन्न जाईल.

सहावी पायरी: पगाराकडे दोनदा बघा

मोठ्या शहरात पगार जास्त का मिळतो, याचं उत्तर अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालीच दिलं होतं: एका ठिकाणी एकाच धंद्याची माणसं जमली की मालकाला कामगार मिळतो, कामगाराला मालक मिळतो आणि एकमेकांचं बघून दोघं शिकतात. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकी शहरांचे आकडे मांडले, त्यात शहर दुप्पट झालं की माणशी पगार साधारण ८ ते ९ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. त्याच अभ्यासात पेट्रोल पंपांसारख्या सोयी मात्र दुप्पट होत नाहीत, साधारण ७० टक्क्यांनीच वाढतात, कारण एकच पंप जास्त माणसांच्या कामी येतो.

पगाराकडे पहिल्यांदा बघताना करानंतरचा आकडा बघा. उत्पन्न वाढलं की कराचा दर चढत असेल, तर महाग शहरात राहण्यासाठी मिळालेल्या जादा पगारावरही चढा करच लागतो. भाड्याला गेलेल्या पैशावर आपण श्रीमंत झालो नाही, हे करखात्याला दिसत नाही.

दुसऱ्यांदा बघताना पाच वर्षांनंतरचा आकडा बघा. स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदींवरून होर्खे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की माद्रिद-बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरांत कमावलेल्या अनुभवाला जास्त मोल मिळतं, आणि नंतर माणूस लहान शहरात गेला तरी ते मोल बऱ्याच अंशी टिकतं. तरुण माणसाने काही वर्षं कमी बचत सोसून मोठ्या शहरात काढावीत, असं मला यामुळे मनापासून वाटतं. मात्र ज्याचं काम कुठूनही सारखंच होतं, किंवा जो त्या कामात आधीच मुरलेला आहे, त्याला हे कारण लागू नाही.

सातवी पायरी: अपवाद ओळखा

आकार हे एकच कारण नाही. अमेरिकेतलं ॲस्पेन हे सात हजारांच्या आसपास वस्तीचं डोंगरातलं गाव, पण पर्यटन आणि धनिकांच्या दुसऱ्या घरांमुळे तिथली घरं भल्याभल्या महानगरांपेक्षा महाग आहेत. उलट टोकियो परिसरात तीन कोटींहून जास्त लोक राहतात, तरी तिथे नवी घरं बांधायला परवानगी सहज मिळते आणि घरं सतत उभी राहतात, म्हणून भाडी आकाराच्या मानाने आटोक्यात राहिली. व्हिएन्नात जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

तेव्हा तीन प्रश्न विचारा. शहराच्या एका बाजूला समुद्र किंवा डोंगर आहे का, म्हणजे पसरायला जागा कमी आहे का? नवी घरं बांधली जाताहेत का? आणि गेल्या दोन-तीन वर्षांत एखादा मोठा कारखाना किंवा विद्यापीठ अचानक आलंय का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर लहान शहरातही भाडं मोठ्या शहरासारखं मागितलं जाईल, कारण माणसं महिन्यात येतात आणि घरं वर्षांनी.

जगातल्या महाग शहरांच्या याद्यांबद्दल थोडंच सांगतो. नावाजलेल्या याद्यांत न्यूयॉर्कला १०० धरून बाकी शहरं मोजतात, आणि त्या मुख्यतः परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी असतात. त्यांनी धरलेली खरेदीची टोपली तुमची टोपली नाही. तुमचे तीन ढीग जास्त खरं सांगतील.

आठवी पायरी: पहिले तीन महिने

शहर बदलण्याचा एकरकमी खर्च वेगळ्या कागदावर लिहा: सामानाची वाहतूक, डिपॉझिट, दलाली, पडदे, गॅस, इंटरनेटची जोडणी, आधीच्या घराच्या नोटिशीचं भाडं. डिपॉझिट आणि दलाली भाड्याच्या पटीत ठरत असेल तर तीही शहराच्या आकाराबरोबर वाढणार. या एकूण रकमेला दरमहा जास्त उरणाऱ्या पैशाने भागा. जेवढे महिने आले, तेवढं तरी तिथे टिकायला हवं.

पहिलं घर शक्य तितक्या कमी मुदतीचं घ्या, एखादी खोली किंवा कुणाबरोबर वाटून घेतलेलं घर चालेल. शहराचा कुठला भाग आपल्याला सोयीचा, हे बाहेरून कळत नाही. वरची फेरी मारली तरी पूर्ण कळत नाही. करारात आधी सोडून जाण्याची अट काय आहे ते सही करण्यापूर्वी वाचा, आणि तोंडी कबूल केलेलं काही असेल तर ते लिहून घ्या.

मग रोज रात्री दोन ओळी: आज काय खर्च झाला आणि प्रवासात किती मिनिटं गेली. पहिल्या महिन्याचे आकडे सोडून द्या, त्यात बादल्या, गाद्या आणि चुकीच्या गाडीत बसणं असतं. दुसऱ्या महिन्यात घडी बसते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तिसऱ्या पायरीचा हिशेब खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडा, अंदाजाशेजारी. भाड्याच्या ओळीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सेवांच्या आणि प्रवासाच्या मिनिटांच्या ओळीत. पुढचं घर कुठे बघायचं ते त्या दोन ओळींवरून ठरवा, आणि शोध नोटिशीच्या मुदतीआधी निदान सहा आठवडे सुरू करा.